वैशाखातली वाकळ

१९४४ सालचा वैशाख. कराडच्या खाली कृष्णाकाठचं एक गाव, आणि त्या गावात तुम्ही धाकटी सून म्हणून जाग्या होता. जात्यावर थोरल्या जाऊबाई बसल्यात. आत्याबाई चुलीपुढं आहेत. तुमच्या वाट्याला परस आलंय.

परसातल्या झाडांसाठी कुणी वेगळं पाणी शेंदत नाही. मोरीचं पाणी दगडी पन्हळातून अळूत उतरतं आणि अळू पिऊन उरलेलं केळीच्या बुंध्याशी जातं. घरात अंघोळी झाल्या, भांडी घासून झाली, की बागेचंही पाणी झालं. तुम्ही फक्त काठीनं पन्हळातला गाळ सारायचा. मग शेवग्याच्या शेंगा काढायच्या, मोगऱ्याच्या कळ्या ओच्यात घ्यायच्या आणि कुंपणालगत आळी खणून त्यात शेणखत भरून ठेवायचं. मृगाचा पाऊस पडला की तिथं दोडका, कारली, भोपळा लागेल. बियाणं घरातच आहे. चुलीच्या वर आढ्याला चिंध्यांची लहान लहान गाठोडी टांगलेली दिसतात ना, त्यांत राखेत घोळलेल्या बिया आहेत. राख आणि धूर मिळून कीड लांब ठेवतात. त्या चिंध्याही अशाच उचललेल्या नाहीत. वाकळीत घालायला फारच लहान ठरलेले तुकडे तेवढे बियाण्याच्या कामी आलेत.

आज वाकळ मांडायची आहे. मधल्या भावजींसाठी.

भावजी मुंबईला गोदीत मजुरी करतात. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजाला आग लागली. त्यात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या. पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. गोदीच्या आसपासच्या वस्तीत आगी लागल्या, शेकडो माणसं गेली. गावात ही बातमी छापील कागदावर आली नाही, ती भावजींबरोबर चालत आली. ते अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. त्यांची वळकटी खोलीसकट जळाली होती. आता महिना होत आला, परत जायला हवं, आणि जाताना अंथरायला-पांघरायला काहीतरी हवं.

बाजारातून कापड आणू म्हणाल तर आणता यायचं नाही. गेल्या जूनपासून सरकारनं कापडावर नियंत्रण बसवलंय. गिरण्यांचा बराच माल लष्कराकडं जातो. मिळेल त्या कापडाची घरातली मापं आधीच ठरलेली आहेत, त्यात पांघरुणाला जागा नाही. तुम्हाला ठाऊक आहे की लढाई अजून सव्वा वर्ष चालेल आणि ती थांबल्यावरही कापडाची टंचाई लगेच सुटणार नाही. आत्याबाईंना ते ठाऊक नाही, पण त्या वागतात मात्र ठाऊक असल्यासारख्या. त्यांनी पेटीतलं एकही धडुतं वाया जाऊ दिलेलं नाही.

भाकऱ्या झाल्या की सोप्यात गाठोडं सुटतं.

इथं जरा थांबा, कारण पुढचा तासभर जे घडतं तेच वाकळीचं खरं कसब आहे असं माझं ठाम मत आहे. लोक टाक्यांचं कौतुक करतात. टाका हात बसला की कुणालाही जमतो. कोणतं कापड कुठं घालायचं हे मात्र डोळ्यांना आणि बोटांना कळावं लागतं, आणि ते कळायला वर्षं जातात.

आत्याबाई एकेक लुगडं दारात नेतात, उजेडापुढं धरतात. जिथून उजेड जास्त येतो तिथं कापड विरलंय. मग ते दोन मुठींत धरून हलकेच ताणतात. चर्रर्र आवाज आला की ते पृष्ठाला चालणार नाही, पोटात जाईल. आवाज न करता नुसतं ताणलं गेलं तर अस्तर. या गठ्ठ्यातली बरीच लुगडी दंड घातलेली आहेत. लुगडं मधोमध झिजलं, बसायच्या जागी विरलं, की तेवढा भाग फाडून काढायचा आणि दोन धड टोकं जोडायची. तो जोड म्हणजे दंड. असं लुगडं आणखी वर्ष-दोन वर्षं नेसता येतं. फाडलेल्या भागातून पोरीचं परकर-पोलकं निघतं, त्याचं पुढं बाळाचं दुपटं होतं, आणि सगळ्यांचं मिळून शेवटी वाकळीचं पोट भरतं. वाकळही फाटली की तिचं सारवायचं पोतेरं होतं.

“नवं कापड कसं चालंल?” तुम्ही विचारता. घरात नाहीच, पण तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय.

“नवं ताठ आसतंय,” आत्याबाई म्हणतात. “पयल्या धुण्याला आक्रसतंय. मग आतल्या चिंध्या गोळा हुत्यात, टाकं तुटत्यात. शंभरदा धुतल्यालं कापड आता कुटं जायाचं हाय? जे आक्रसायचं ते आक्रसून झालं.”

म्हणजे जुनं कापड परवडतं म्हणूनच घेतात असं नाही. ते कामालाही चांगलं असतं.

अस्तराला एक इरकली लुगडं निघतं. नऊ वारी, म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांची लांबी होते. माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकायला ती पुरते आणि पायाशी दुमडायलाही थोडं उरतं. लुगड्याचा पन्हा एकट्या माणसाच्या रुंदीला ठीक बसतो. चार पदर घातले म्हणून काही ठिकाणी या पांघरुणाला चौघडीच म्हणतात. पण नुसती घडी घातली तर विरलेले भाग एकावर एक येतील आणि तिथं वाकळ पातळ पडेल. म्हणून आत्याबाई घडी हातभर पुढं-मागं सरकवतात. एका पदराच्या विरलेल्या जागेवर दुसऱ्या पदराची धड जागा येते. त्या काही बोलत नाहीत, मोजतही नाहीत. तुम्ही बघत राहता.

काठ आधीच उसवून बाजूला ठेवलेत. तुम्ही एक काठ उचलून पोटात घालायला जाता, तर जाऊबाई हात धरतात. “काठ आत नगं. सुई मोडंल.” काठाची वीण घट्ट असते. तो बाहेरच्या कडेला गोट म्हणून लागतो, कारण रात्रभर ओढताना वाकळीची कडच आधी फाटते. पोटात जाडंभरडं धोतर जातं, सदऱ्याच्या पाठी जातात, आणि शिंप्याच्या दुकानातून मागून आणलेलं कातरणही. तुकड्याला तुकडा भिडायला हवा, एकावर दुसरा चढायला नको. फट राहिली तर थंडी शिरेल आणि चढला तर गाठ टोचेल. वरच्या बाजूला, तळहाताएवढ्या, दोन तळहातांएवढ्या तुकड्यांत, आत्याबाई एक काळी पट्टी लावतात. त्यांच्या सासूबाईंच्या चंद्रकळेची. ती मध्यभागी येत नाही, उशाकडच्या कोपऱ्यात येते. तुम्ही कारण विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

सगळं नीट बसलं की चार कोपऱ्यांवर वरवंटा, दोन दगड आणि अडकित्त्याचा डबा. तळहातानं मधून कडेकडं सगळं सपाट करायचं आणि लांब लांब कच्चे टाके घालून घ्यायचे.

दुपारी वाकळ अंगणाच्या कडेला, छपराच्या सावलीत येते. हेच दिवस का, असं वाटेल. एक तर घासलेट महाग आणि दुर्मीळ झालंय. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारं तेल बंद झालं. चिमणी जेवणापुरती लागते, शिवण दिवसाउजेडीच आटपायला हवं. दुसरं, अंगणात खाटेवर कुरडया वाळतायत. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे शिजवून घातलेल्या. कावळे-कोंबड्या हाकायला कुणीतरी बसायलाच हवं. मग बसलेल्या हाताला सुई. वैशाखात वाकळी जास्त होतात त्या अशा. सुगी संपलेली असते, पेरणी लांब असते, आणि वाळवणाला राखण लागते.

शेजारच्या दोघी आल्यात. चार बाजूंना चौघी. प्रत्येकीला एक सुई, हातभर दोरा. त्याहून लांब दोरा घेतला की गुंता होतो. तर्जनीला चिंधी गुंडाळून घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटाला घरं पडतील. गाठ वर ठेवायची नाही, दोरा हलकेच ओढून ती थरांत लपवायची. धावदोरा कडेकडून सुरू होतो. पहिली ओळ चारही बाजूंनी फिरून आली की बोटभर आत दुसरी, मग तिसरी. मध्यापर्यंत चौकटीत चौकट. कड आधी बांधली की पोटातले तुकडे कुठं निसटत नाहीत, आणि चौघींना एकाच वेळी काम करता येतं. यात एक धोका आहे. प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा सैलपणा आत सरकतो आणि मधोमध फुगवटा धरतो. सकाळचे कच्चे टाके त्यासाठीच होते. शिवाय दर फेऱ्याला हात फिरवून कापड बसवत जावं लागतं.

तुमची ओळ सुरू होते. चार टाके सुईवर घ्यायचे, दोरा ओढायचा. कापडाचे सहा-सात थर आहेत, सुई रुतते, तळवा घामेजतो. लवकर व्हावं म्हणून तुम्ही टाका लांबवता.

“आगं हळू,” जाऊबाई म्हणतात. “लांब टाक्यात रातच्याला पायाचं बोट आडाकतंय. मग झोपंत हिसका, आन् सगळी वळ उसावली.”

तुम्ही पाच-सहा टाके उसवता, पुन्हा घालता.

बोलणं चाललेलंच असतं. रेशनच्या दुकानात कुणाला काय मिळालं, भोकाचा नवा पैसा पोरांनी दोरीत ओवून कसा गळ्यात घातला, कुणाची लेक बाळंतपणाला आलीय. मधेच शेजारीण खालच्या आवाजात विचारते, “परवा गोठ्यात कोण निजलं हुतं?” आत्याबाई नजर वर न करता म्हणतात, “पाव्हणा.” पुढं कुणी विचारत नाही. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारची माणसं रात्री गावं बदलत फिरतायत. भाकरी देणारीनं नाव विचारायचं नाही, पांघरूण देणारीनंही नाही. पहाटे जोंधळ्याच्या कडब्यावर घडी घालून ठेवलेली वाकळ तुम्हीच उचलून आणली होती. इतिहासाच्या पुस्तकांत त्या पाव्हण्यांबद्दल पुष्कळ येईल. त्यांच्यावर घातलेल्या वाकळी कुणी शिवल्या हेही कुठंतरी यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ऊन कलता कलता पश्चिमेला काळं भरून येतं. आधी धूळ उठते, केळीची पानं उलटी होतात. वळीव.

“कुरडया!” म्हणत शेजारणी खाटेकडं धावतात. अर्धवट वाळलेल्या कुरडया हाताला लागताच मोडतात, त्या तशाच सुपात, परातीत, ओच्यात. तुम्ही आणि जाऊबाई वाकळीचे कोपरे धरून ती सोप्यात ओढता. टपोरे थेंब सारवलेल्या अंगणावर पडतात, मातीचा वास घरभर होतो. पोरं गारा वेचायला बाहेर, आत्याबाई त्यांच्यावर ओरडत दारात.

घडी घालायला तुम्ही हात पुढं करता.

“थांब. सुया मोज.”

एक. दोन. तीन. चौथी नाही.

ओढाताणीत कुठं पडली कोण जाणे. अंगणात पडली असेल तर चिखलात गेली. वाकळीत असेल तर ते त्याहून वाईट, कारण यावर माणूस झोपणार आहे. शिवाय सुई आणायची म्हणजे बाजारचा दिवस उजाडायला हवा. भावजी म्हणतात, राहू द्या, मी बघून घेईन. आत्याबाई त्यांना बाजूला बसवतात. दाराशी उजेड आहे तोवर वाकळ पसरायला लावतात आणि एका कडेनं हात फिरवू लागतात. तळवा नव्हे, बोटांची मागची बाजू, कारण तिथली कातडी मऊ असते आणि तिला टोक लगेच कळतं. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. पोरांना दाराबाहेरच थांबवलंय. बाहेर पत्र्याच्या बादलीत पाऊस वाजतोय.

तुमच्या बाजूच्या पाचव्या ओळीवर हात थबकतो. सुई थरांत आडवी शिरलीय, नाकातला दोरा निसटलाय. आत्याबाई ती चिमटीत धरून काढतात, पदराला पुसतात आणि चिंधीत टोचून ठेवतात. मग त्याच ओळीवर पुन्हा बोट फिरवतात.

“हितं मातुर टाका चांगला पडलाय,” त्या म्हणतात. “उद्या कुरडया पुन्ना घालायच्या, मग आजून सा फेरं. ह्यो मंगळवारी जाणार हाय. आन् काय रं, मंबईला पोचल्यावर पयली सुयांची पुडी धाड. पत्तर मागनं आलं तरी चालंल.”