डिझेल इंजिनाचा धूर : प्रस्तावना

कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्णपणे विजेवर आला. त्याआधी रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यातून ज्यांनी प्रवास केला, त्यांना डिझेलच्या धुराची ओळख वेगळी करून द्यायला नको.

या धुराला आपण नाक दाबून वाट देतो, ते योग्यच. पण शेडमधला जाणता फिटर त्याच धुरावरून इंजिनाची प्रकृती ओळखतो. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी. निळा म्हणजे वंगणतेल सिलिंडरमध्ये शिरून जळते आहे. पांढऱ्याच्या बाबतीत मात्र घाई करू नये. न जळलेल्या डिझेलचा धूर रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो. सिलिंडरमध्ये पाणी झिरपत असेल तर निघते ती वाफ, आणि ती थोड्याच अंतरावर विरून जाते.

काळा धूर समजून घ्यायला डब्ल्यूडीएम-२ सारखे इंजिन नाही. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरून ते १९६४ पासून बनारसला तयार होऊ लागले. लोको पायलटने नॉच वाढवला की इंधन लगेच वाढते. पण जादा हवा पुरवणारा टर्बो फक्त बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो, त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात काजळी भसाभस बाहेर पडते. पुढे आलेल्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये टर्बो सुरुवातीला गिअरने क्रँकशाफ्टवरच फिरतो, आणि वायूंचा जोर पुरेसा झाला की क्लच त्याला मोकळा करतो. गाडी सुटतानाचा धूर त्यामुळे पुष्कळ कमी.

धूर दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ आहे, असे मात्र नाही. ज्वलन जास्त तापमानाला झाले की काजळी घटते, पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ती कमी करायला इंधन उशिरा फवारावे, तर काजळी पुन्हा वाढते. या विषयाची खरी गोडी या ओढाताणीत आहे.

इथेच यंत्रशास्त्राला वैद्यक येऊन मिळते. अमेरिकेतल्या सुमारे ५५ हजार रेल्वे कामगारांच्या १९५९ ते १९९६ या काळातल्या नोंदी तपासल्यावर, डिझेलच्या धुरात काम करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. चालू इंजिनाजवळ दिवसभर राबणाऱ्या माणसाचा विचार या शास्त्रात पहिल्या पानापासून हवा, असे माझे ठाम मत आहे.

नव्या वाचकाने समीकरणांपासून सुरुवात करू नये. डिझेल इंजिने अजून चालतात अशा एखाद्या स्थानकावर, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहावे. इंजिन भार घेताना धूर किती सेकंद काळा राहतो, ते घड्याळ लावून पाहावे. मग पहिले प्रकरण उघडावे.