५५ जमा, ६० नावे

बी. कॉम. झालेल्या माणसाला जगात दोनच बाजू दिसतात : जमा आणि नावे. चांदणं, मोगरा, सतारीचे सूर वगैरे गोष्टी असतात म्हणे. पण त्या कुठल्या बाजूला लिहायच्या हे आम्हांला कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे लोक कादंबऱ्या वाचतात तसे मी तक्ते वाचतो. कंपन्यांचे ताळेबंद, रेल्वेचं वेळापत्रक, पंचांगाची शेवटची पानं, काहीही चालतं. आणि माझ्या वाचनातला सर्वांत नाट्यमय तक्ता कुठल्या बँकेचा नाही, तो अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा आहे.

या संघाचं खातं १८९८ साली उघडलं. आजवर जमेला २,३०० च्या वर विजय आणि राष्ट्रीय स्पर्धेची चार विजेतेपदं : १९५२, १९८८, २००८ आणि २०२२. असा खातेदार आमच्या शाखेत आला तर मॅनेजरसाहेब स्वतः उठून चहा सांगतील. प्रशिक्षकांची यादीही तशीच भरभक्कम. १९१९ साली तर कार्ल श्लेडमन नावाच्या गृहस्थांनी एकच सामना सांभाळला, तो जिंकला आणि कारभार दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे झाले. एक सामना, एक विजय, शंभर टक्के! नोकरीत नेमकं कधी थांबावं हे कळलेला असा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

या अख्ख्या यादीत तोट्यात असलेला प्रशिक्षक एकच, आणि तोही पहिलाच. विजय ५५, पराभव ६०. नाव डॉ. जेम्स नेस्मिथ. आता हे गृहस्थ कोण? तर ज्यांनी बास्केटबॉल हा खेळच शोधून काढला ते!

नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. १८९१ साली ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत मास्तर होते. हिवाळ्याचे दिवस, बाहेर बर्फ, आणि आत कवायतीला कंटाळलेली १८ दांडगी पोरं. वरिष्ठांनी हुकूम सोडला, की चौदा दिवसांत छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ काढा. वरच्याला सुचत नाही ते खालच्यानं मुदतीत करून दाखवायचं, ही पद्धत पुढे बँकांनी उचलली असावी. नेस्मिथनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाला दहा फुटांवर ठोकल्या, १३ नियम लिहून काढले आणि खेळ सुरू! टोपल्यांना बूड शाबूत होतं, तेव्हा चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा. पण शिडीवाल्याला फारसे कष्ट पडले नाहीत. पहिला सामना १–० असा संपला.

१८९८ साली नेस्मिथ कॅन्ससला, लॉरेन्स या गावी आले. नेमणूक प्रार्थनामंदिर आणि शारीरिक शिक्षण या दोन कामांवर. बास्केटबॉल हे आपलं जादा काम, ओव्हरटाइम नसलेलं. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटीच्या वायएमसीए संघाबरोबर पहिला सामना झाला आणि खेळाच्या जन्मदात्याचा संघ ५–१६ असा हरला. स्वयंपाकाचं पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्याच घरची पुरणपोळी तव्यावर फुटावी, तसं झालं.

गंमत अशी, की नेस्मिथना त्याचं काही वाटत नसे. खेळ म्हणजे व्यायाम आणि सभ्यपणा, एवढंच त्यांचं मत. कधीकधी तर सामन्यात पंच म्हणून तेच उभे राहत, आणि तरीसुद्धा हरत! प्रामाणिकपणाचा याहून कडक दाखला कुठल्याही ऑडिटरला मिळायचा नाही. त्यांचा शिष्य फॉग ॲलन बास्केटबॉल शिकवायची नोकरी धरायला निघाला, तेव्हा नेस्मिथनी त्याला समजावलं म्हणतात, की बाबा रे, हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो.

ॲलननी ऐकलं नाही. त्यांनी कॅन्ससला ५९० सामने जिंकून दिले. त्यांच्या हाताखाली खेळलेला अडॉल्फ रप केंटकीत जाऊन ८७६ सामने जिंकला आणि डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनात ८७९. मी सवयीनं बेरीज मारली : २,३४५. म्हणजे ५ सामन्यांच्या तोट्यातल्या मूळ खात्यावर २,३४५ विजयांचं व्याज. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, त्यामागेही ॲलन यांची खटपट होती. पंचाहत्तरीला टेकलेले नेस्मिथ तिथे हजर होते. अंतिम सामना उघड्यावर, मातीवर, भर पावसात झाला. अमेरिकेनं कॅनडाला १९–८ असं हरवलं. एक जन्मभूमी, एक कर्मभूमी. म्हाताऱ्यानं टाळ्या कुणासाठी वाजवाव्यात?

बरं, तक्त्यातली जमा तरी पक्की असते का? तर तेही नाही. २०१७-१८ च्या मोसमातले १५ विजय एका खेळाडूच्या पात्रतेच्या वादावरून २०२३ साली खोडून टाकण्यात आले. चेंडू जाळ्यात पडले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण व्हाउचर सदोष निघालं, नोंद रद्द.

आणि काही नोंदी तर मुळात होतच नाहीत. १९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय तरुण शारीरिक शिक्षण शिकायला कॅन्ससला आला. संघात काळ्यांना मज्जाव. तो एक मिनिटही त्या संघातून खेळू शकला नाही. तो विद्यापीठाच्या तलावात पोहून बाहेर पडला, तर मागून तलावातलं पाणी सोडून देण्यात आलं. सत्तरी उलटलेल्या नेस्मिथनी मात्र त्याला आपल्या पंखाखाली घेतलं आणि सगळी विद्या दिली. शिकवायचा नसतो म्हणणाऱ्या मास्तरांनी खेळ शिकवला तो असा!

मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात प्रशिक्षक झाला. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. गाव चर्चमध्ये गेलेलं. कॉलेजच्या जिमखान्याची दारं आतून बंद करून त्याच्या पोरांनी ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्यांच्या संघाशी चोरून सामना खेळला. असा सामना खेळणं तेव्हा तिथे कायद्याविरुद्ध होतं. ८८–४४! बरोबर दुप्पट. पुढे त्यानं टेनेसीच्या संघाला १९५७, ५८ आणि ५९ अशी ओळीनं तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. कॅन्ससच्या खेळाडूंच्या यादीत त्याचा विजय शून्य, पराभव शून्य; कारण नावच नाही.

आमच्याकडे कुठल्याच बाजूला न बसणाऱ्या रकमेसाठी उचंत खातं असतं. वर्षअखेरीला ते निकाली काढावं लागतं, नाहीतर ऑडिटर घरी जाऊ देत नाही. मॅक्लेंडनची नोंद निकाली निघायला वेळ लागला. नेस्मिथ यांच्या नावानं स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलमधल्या थोरांचं एक दालन आहे. त्यात १९७९ साली त्याला खेळाचा उपकारकर्ता म्हणून घेतलं आणि २०१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रशिक्षक म्हणून पुन्हा एकदा. बँकेच्या भाषेत, व्याजासकट.

नेस्मिथ १९३९ साली लॉरेन्सलाच वारले. त्यांच्या १३ नियमांचे दोन टंकलिखित कागद २०१० साली ४३ लाख डॉलरना विकले गेले आणि आता कॅन्सस विद्यापीठातच ठेवलेले आहेत. शेजारीच संघाचं क्रीडागृह आहे, १९५५ साली उघडलेलं. त्या इमारतीला नाव ॲलन यांचं, आणि आतल्या मैदानाला नेस्मिथ यांचं. म्हणजे छप्पर नफ्याच्या नावावर आणि जमीन तोट्याच्या. तारण म्हणून काय घ्याल असं मला कुणी विचारलं, तर मी जमीनच घेईन.