शाळकरी मुलींसाठी सॅनिटरी पॅडचे दान

आर्थिक अडचणीतल्या शाळकरी मुलींना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मोफत किंवा नाममात्र किमतीत पुरवण्याचे सामाजिक कार्य. वापरून टाकायचे पॅड, धुऊन वापरायचे कापडी पॅड आणि क्वचित मेन्स्ट्रुअल कप या मुख्य वस्तू. निकर आणि साबण मात्र बहुधा यादीतून सुटतात. धड निकरच नसेल तर पॅड जागेवर राहत नाही, म्हणून या वस्तूही तितक्याच गरजेच्या आहेत.

भारतात २०११ पासून केंद्र सरकारच्या योजनेत आशा कार्यकर्त्यांमार्फत ग्रामीण किशोरींना सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांत मिळू लागले. महाराष्ट्रात २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजना सुरू झाली. तिच्यात जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत, महिला बचत गटांमार्फत देण्याची सोय होती आणि दात्यांना मुलींचा खर्च उचलता येत असे. त्याच वर्षी जुलैत सॅनिटरी पॅडवरील १२ टक्के जीएसटी रद्द झाला. २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत एक पॅड एका रुपयात मिळतो. त्यामुळे छोट्या देणगीतही बरेच साहित्य घेता येते.

दानाचा हिशेब मात्र नीट मांडावा लागतो. पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलायचा, म्हणजे चार-पाच दिवसांच्या पाळीत बारा ते वीस पॅड लागतात. आठांचे पाकीट महिनाभरही पुरत नाही. पुरवठा अपुरा असला की मुली एकच पॅड दिवसभर ठेवतात; त्यातून पुरळ उठते, त्वचा सोलवटते. महिला दिनी किंवा २८ मे या मासिक पाळी स्वच्छता दिनी एकदाच होणाऱ्या वाटपाची हीच मोठी उणीव आहे. शाळेतल्या वाटपालाही मर्यादा आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते थांबते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या ज्या मुली दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याच्या भागात जातात, त्या तर गळीत हंगाम संपेपर्यंत शाळेच्या यादीबाहेरच असतात, आणि तळावरच्या खोपटात पाणी व आडोसा दोन्हींची वानवा असते.

कापड वापरणे मुळात वाईट नाही. ते साबणाने धुऊन उन्हात वाळवले तर सुरक्षित असते. अडचण असते ती लाजेपोटी ते इतर कपड्यांखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात दमट ठेवावे लागते याची. दिल्लीच्या ‘गूंज’ या संस्थेने जुन्या सुती कपड्यांपासून स्वच्छ पॅड बनवून वाटण्याचे काम याच समजुतीने उभे केले. पाण्याची टंचाई असलेल्या गावात कापडी पॅड किंवा कप लादणे जसे चूक, तसेच कचऱ्याची सोय नसलेल्या पाड्यावर केवळ प्लास्टिकचे पॅड देणेही चूक. मुलींना विचारूनच वस्तू निवडावी.

पॅड मिळाले की मुलींची शाळेतील हजेरी खूप वाढते, असे सरसकट सांगितले जाते. पण नेपाळमधील चितवन भागात कप वाटून केलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हजेरीत फरक पडला नाही. पाळीमुळे बुडणारी शाळा तिथे मुळातच वर्षाला अर्ध्या दिवसाहून कमी निघाली. मात्र मुलींचा कपडे धुण्याचा वेळ वाचला आणि त्यांनी कप आवडीने वापरला. हा निष्कर्ष एका भागापुरता आहे, पण डाग पडण्याची धास्ती न बाळगता वर्गात बसता येणे हेच या दानाचे पुरेसे कारण मानले पाहिजे; त्याला हजेरीच्या आकड्यांचा आधार लागू नये.

वाटपाच्या वेळी मुलींना रांगेत उभे करून छायाचित्रे काढणे, नावे पुकारणे टाळावे. पाकिटे शिक्षिकेकडे किंवा मुलींच्या स्वच्छतागृहात अशी ठेवावीत की मागावे न लागता घेता येतील. स्वच्छतागृहाला आतून कडी, नळाला पाणी आणि झाकणाचा डबा हवा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यातील कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने रूढ केली. ती शाळेतही शिकवता येते. निधी थोडा असल्यास शंभर मुलींना एकेक पाकीट देण्याऐवजी मोजक्या मुलींना वर्षभर पुरेल एवढे साहित्य देणे अधिक उपयोगाचे ठरते.