वळवाची वीज आणि चाकांवरचे घर

कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर विजांचा जोर भर पावसाळ्यात नसतो. तो असतो एप्रिल-मे महिन्यांतील वळवात आणि पुढे मॉन्सून परतत असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी यांच्या आसपासचे हे दिवस भटकंतीचेही असतात. सकाळ निरभ्र असते. दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढू लागतात आणि अनेकदा सायंकाळी ते पश्चिमेला सरकून किनाऱ्यावर गडगडतात. आंबोलीच्या किंवा चोर्ला घाटाच्या परिसरात मुक्कामाला गेलेल्यांना हा क्रम पाठ असतो.

या मुक्कामांचे स्वरूप मात्र बदलत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेले वाहन, किंवा मोटारीमागे जोडून नेण्याचा घरवजा ट्रेलर, ही कल्पना आता आपल्याकडेही परकी राहिलेली नाही. मग वीज कडाडू लागली की अशा वाहनात बसून राहावे की बाहेर पडावे, हा प्रश्न ओघाने येतोच. त्याचे उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे : त्या वाहनाचे कवच कशाचे बनले आहे?

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. मोटारीत माणूस सुरक्षित राहतो तो रबरी टायरांमुळे नव्हे. काही किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेला टायरांचे वीतभर रबर अडवू शकत नाही. संरक्षण देतो तो धातूचा पत्रा. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये धातूने मढवलेली एक खोली उभारली, तिच्या बाहेरच्या अंगावर उच्च दाबाची वीज सोडली आणि आत विद्युतभार उतरत नाही हे दाखवून दिले. पत्र्याची बंद गाडी हा याच ‘पिंजऱ्या’चा अपुरा, पण उपयोगी नमुना होय. विजेचा प्रवाह तिच्या बाह्यांगावरून वाहतो आणि चाकांपाशी जमिनीवर उडी घेतो. आपल्या घरातील मोठ्या प्लगची क्षमता १६ अँपिअर असते. विजेच्या एका लोळातून साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह क्षणभर वाहतो. एवढ्या प्रवाहाला अंगावरून वाट करून देईल असे कवच हवे.

सर्व कॅराव्हॅन तसे नसतात. अमेरिकेतील ‘एअरस्ट्रीम’ हा चकचकीत ट्रेलर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी बांधलेला असतो, म्हणून तो या बाबतीत भरवशाचा. अनेक ट्रेलरांमध्ये लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. तो काही संरक्षण देतो, पण छत रबरी किंवा प्लास्टिकचे असेल तर पिंजरा वरूनच उघडा राहतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर फायबरच्या भिंती असतील तर संरक्षण अर्धवट. निव्वळ फायबरचा साचेबद्ध ट्रेलर, कापडी भिंती वर उचलून उभारायचा ट्रेलर आणि मोटारीच्या टपावरचा तंबू यांना विजेपुरते तंबूच मानावे. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही. आपल्याकडे मिनीबसच्या पोलादी सांगाड्यावर बेतलेली जी वाहने मिळतात, त्यांत मूळ पत्र्याचे छत कायम असेल तर ती तुलनेने सुरक्षित असतात. छत कापून वर फायबरचा टोप बसवला असेल तर तसे म्हणता येत नाही.

भाड्याने वाहन घेताना गादीची लांबी आणि शीतकपाटाचा आकार सारेच विचारतात. छत कशाचे आहे हेही विचारावे. पोलादाला चुंबक चिकटतो, फायबरला आणि ॲल्युमिनियमला चिकटत नाही. या दोहोंतला फरक बोटाने ठोकून पाहिल्यावर आवाजावरून कळतो. कवच धातूचे नाही असे आढळले, तर वादळ येताच ट्रेलर सोडून तो ओढणाऱ्या पत्र्याच्या मोटारीत बसायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

पिंजरा बंद असणेही तितकेच महत्त्वाचे. अमेरिकेतील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षक रॉय सलिव्हन यांच्यावर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज पडली आणि तरीही ते वाचले. त्यांपैकी १९६९ च्या घटनेत ते ट्रकमध्येच होते. वीज जवळच्या झाडांवर कोसळली आणि उघड्या खिडकीतून आत आली. खिडक्या, दार आणि छतावरील झरोका गडगडाटापूर्वीच लावून घ्यावा तो यासाठी.

जागेची निवड वादळाच्या कितीतरी आधी होते. उघडा सडा, डोंगराची धार, एकाकी वृक्ष, पाण्याचा काठ आणि मोकळी पुळण टाळावी. किनाऱ्यावर माडाखाली गाडी लावण्याचा मोह होतो, पण उंच माड हे विजेचे नेहमीचे लक्ष्य आहे. सारख्या उंचीच्या झाडांच्या दाटीजवळची सखल जागा बरी, मात्र ती ओहोळाच्या पात्रात नसावी. वळवाचा ओहोळ विजेइतकाच अविश्वासू असतो.

ढग दाटू लागताच बाहेरून घेतलेल्या विजेचा प्लग काढून वायर गाडीपासून दूर ठेवावी. दूरवर पडलेल्या विजेचा झटकाही तारांमधून आत येऊ शकतो, आणि थेट आघातापुढे कोणतेही संरक्षक उपकरण टिकेलच असे नाही. बाजूचे कापडी छत गुंडाळून त्याचे धातूचे खांब उतरवावेत. हे सारे पहिल्या गडगडाटाच्या आत झाले तर ठीक. तो कानी पडल्यावर प्लगला हात लावू नये आणि छतासाठी बाहेरही जाऊ नये. कापड फाटले तर फाटू द्यावे. ट्रेलरखालचे लोखंडी टेकू खाली केले की वाहनाला ‘अर्थिंग’ मिळते, असे सांगणारे भेटतात. आत बसलेल्या माणसांच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही. त्यासाठी पावसात वाकून बसणारा माणूस मात्र नक्कीच धोक्यात येतो.

लखलखाट आणि गडगडाट यांतील सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरावरूनही पुढचा लोळ आपल्यापर्यंत येऊ शकतो. खरे तर गडगडाट ऐकू आला की मोजत बसण्याचे कारणच नाही, आत जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. घाटात संपर्क तुटण्याची शक्यता धरून ते दुपारीच पाहून घ्यावे.

आत बसल्यावर धातूच्या भिंती, दाराची मूठ, नळ आणि सिंक यांपासून दूर राहावे. स्नान आणि भांडी दोन्ही थांबवावी. चार्जरला न जोडलेला मोबाइल वापरण्यास हरकत नाही. मोबाइल वीज ओढून घेतो ही समजूत निराधार आहे. पायाळू माणसावर वीज पडते, या आपल्याकडच्या जुन्या समजुतीइतकीच. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तरी बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणून मुलांना लगेच बाहेर सोडण्याची घाई होते, तिथेच घात होतो.

वाहनावर वीज पडलीच, तर आत जळका वास किंवा धूर येतो का ते पाहावे आणि आग नसेल तर वादळ सरेपर्यंत आतच थांबावे. नंतर सिलिंडरची झडप, टायर आणि ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवू नये. आग लागली असेल, तर वाहनाला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशा रीतीने पाय जुळवून बाहेर उडी मारावी.

देशात विजेमुळे दरवर्षी दोन हजारांहून अधिक मृत्यू होतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून अनेक वर्षे दिसत आले आहे. अनेकांवर वीज थेट पडलेली नसते. ती जवळ पडून जमिनीतून पसरते. अशा व्यक्तीच्या अंगात विद्युतभार उरत नाही, तिला स्पर्श केल्याने झटका बसत नाही. काही भागांत तिला शेणात किंवा वाळूत पुरून ठेवतात. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा आणि छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. येत असल्यास तोंडाने श्वासही द्यावा, कारण विजेच्या आघातानंतर हृदय पुन्हा सुरू होऊनही श्वसन बंद राहू शकते. एकाहून अधिक जण पडले असतील, तर कण्हणाऱ्यांकडे नव्हे, निपचित पडलेल्यांकडे आधी धावावे. कण्हणाऱ्याचा श्वास चालू असतो.