मोटारीवरचे एरियल आणि त्याची जमीन

घरात रात्री मिणमिणता ठेवलेला दिवा जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढ्याच शक्तीवर चालणाऱ्या एका यंत्राने अमेरिकेतील लक्षावधी मोटारचालकांना एके काळी एकमेकांशी बोलते केले. त्या यंत्राचे नाव सिटिझन्स बँड रेडिओ. लोकांच्या तोंडी नुसते ‘सी. बी.’. त्याच्या साध्या प्रक्षेपणाला कायद्याने घातलेली मर्यादा अवघी ४ वॉटची आहे. पुंजी इतकी तुटपुंजी असली की तिचा कणही वाया जाता कामा नये. म्हणून मोटारीवरचे एरियल जुळवून घ्यावे लागते. हे काम कारागिराचे खरे; परंतु त्यातील प्रत्येक पायरीमागे विज्ञानाच्या इतिहासातील एकेक प्रकरण उभे आहे.

पहिले प्रकरण जर्मनीतील कार्ल्सरूहे येथले. १८८८ साली हाइनरिख हर्ट्झने तेथील व्याख्यानगृहाच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा लावला आणि त्यावर विद्युत्‌लहरी सोडल्या. हौदाच्या भिंतीवर आपटून लाट मागे फिरावी, तशा त्या पत्र्यावरून परतल्या. जाणारी व येणारी लहर एकमेकींत मिसळून काही ठिकाणी जोर दुणावला, तर काही ठिकाणी तो नाहीसा झाला. या स्थिर तरंगांवरून हर्ट्झने लहरीची लांबी मोजली आणि मॅक्सवेलचे गणित खरे ठरले. त्याच्या प्रक्षेपकाला दोन हात होते. ठिणगीच्या दोहो बाजूंना एकेक दांडा.

दुसरे प्रकरण इटलीतले. १८९५ साली बोलोन्याजवळ वडिलांच्या मळ्यावर प्रयोग करताना मार्कोनीने एक टोक उंच चढविले आणि दुसरे जमिनीला जोडले. संदेशाचा पल्ला एकदम वाढला. टेकडीपलीकडेही खूण पोचू लागली. एका हाताचे काम जमीनच करू लागली होती. तेव्हापासून उभ्या एरियलचा नियम ठरला : वरची काठी हे अर्धेच एरियल, उरलेले अर्धे तिच्या पायाशी असते.

मग मोटारीने काय करावे? ती तर रबरी चाकांवर जमिनीपासून अलग उभी. आरंभीच्या बंद मोटारींच्या टपात लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले असे. रेडिओ ऐकण्यासाठी त्या टपात तारेची जाळी दडवीत. १९३५ च्या गाड्यांना जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप दिला आणि टपातल्या जाळीचे दिवस संपत आले. एरियल कुठे फुटबोर्डाखाली गेले, कुठे काठीच्या रूपाने बाहेर आले. मौज अशी, की ज्या पोलादाने आतल्या एरियलचा मार्ग अडविला, तेच बाहेरच्या काठीची जमीन झाले.

१९५८ साली अमेरिकन सरकारने २७ मेगासायकलच्या आसपासच्या २३ वाहिन्या सामान्य नागरिकांना खुल्या केल्या. ही लहर सुमारे ११ मीटर लांब. तिचा चतुर्थांश, म्हणजे पावणेतीन मीटरांची काठी, तिला स्वाभाविक. एवढी काठी पुलाखाली आणि झाडाखाली अडते, म्हणून आखूड काठीत तारेचे वेटोळे घालून ती ‘लांब’ करण्याची युक्ती निघाली. पुढे १९७३ चे तेलसंकट आले. १९७४ च्या आरंभी ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. पेट्रोल कुठे मिळते, पोलीस कुठे टपले आहेत, हे मालमोटारींचे चालक एकमेकांना सी. बी. वरून कळवू लागले. त्यांचे पाहून घरगुती गाड्यांतही हे यंत्र शिरले. १९७७ मध्ये वाहिन्या ४० झाल्या. त्यांतली नववी संकटातल्या हाकेसाठी राखलेली आहे. निर्जन रस्त्यावर गाडी उलटलेल्या माणसाची हाक पोचते की विरते, हे त्या काठीवर आणि तिच्या जोडणीवर अवलंबून असे.

आता जुळवणीकडे वळू. यंत्र आणि एरियलची केबल यांच्यामध्ये एक मापक जोडतात. एरियल बेसूर असेल, तर त्याच्याकडे गेलेल्या शक्तीचा काही भाग केबलमधूनच परत फिरतो आणि आत हर्ट्झचे तेच स्थिर तरंग उभे राहतात. एकेकाळी ज्यांनी सिद्धांताची साक्ष दिली, ते येथे बिघाडाची साक्ष देतात. मापकावर तिनास एक आले, तर चौथा हिस्सा शक्ती परतते. दोनास एक असता सुमारे ११ टक्के. दीडास एक असता केवळ ४ टक्के, आणि एवढ्यावर समाधान मानावे.

गाडी मोकळ्या मैदानात, भिंती व झाडांपासून दूर उभी करावी, दारे लावावी, आणि पहिल्या व चाळिसाव्या वाहिनीवर मोजावे. तंबोऱ्याची तार जाणणाऱ्यांस यातले मर्म लगेच कळेल. पहिली वाहिनी खर्जाकडची, तिला काठी लांब हवी. तिच्यावर आकडा जास्त आला, तर काठी आखूड पडते आहे. चाळिसावीवर जास्त आला, तर ती लांब आहे. बदल थोडा थोडा करावा, दरवेळी पुन्हा मोजावे. कापलेली काठी पुन्हा जोडता येत नाही.

परंतु सर्वच वाहिन्यांवर आकडा चढलेला असेल, तर काठीला हातच लावू नये. दोष बहुधा खाली असतो : बैठकीखालचा रंग खरवडलेला नसतो, स्क्रू गंजलेला असतो, केबलची आतली तार बाहेरच्या जाळीला टेकलेली असते, किंवा गाडीचा तो भाग फायबरचा असल्यामुळे काठीला जमीनच मिळालेली नसते. अशा वेळी अनेकांनी बेकायदा शक्तिवर्धक बसविले. त्यांचा हिशेब चुकत होता. शक्ती चौपट केली, तरी दूर पोचणाऱ्या लहरीचा जोर दुप्पटच होतो. आणि ऐकणे तर तसूभरही सुधारत नाही. एरियल हे यंत्राचे मुख आहे, तसाच कानही आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मापकाचा उत्तम आकडा म्हणजे उत्तम एरियल नव्हे. केबलच्या टोकाला योग्य रोध जोडला, तर मापक एकास एक दाखवील, आणि सारी शक्ती उष्णता होऊन जाईल. हवेत शब्दही जाणार नाही. मापक केवळ काय परतले ते सांगतो. काय पोचले ते दूरच्या माणसालाच विचारावे लागते.

भ्रमणध्वनीने आज सी. बी. ला बरेच मागे सारले आहे. पण त्या भ्रमणध्वनीच्या पोटातले एरियलही लहरीच्या लांबीशी जुळवलेले असते. हर्ट्झ आणि मार्कोनी यांनी घालून दिलेला हिशेब त्यालाही चुकलेला नाही. हाक ऐकू गेली नाही म्हणजे आवाज चढवावा, ही माणसाची जुनी सवय आहे. मोटारीवरच्या या काठीचा इतिहास एवढेच सुचवितो की, त्याआधी वाकून पायाखालची जोडणी पाहावी.