‘वेन्ट’ आला कुठून?

इंग्रजी शिकणाऱ्या पोराने ‘आय गोड टु स्कूल’ असं लिहिलं की वहीवर लाल रेघ ठरलेली. खुद्द इंग्लंडातली लहान मुलंही काही दिवस हा ‘गोड’ घोळवतात. नियमाने पाहिलं तर त्यांचंच बरोबर, कारण ‘वेन्ट’ हा ‘गो’चा पोटचा भूतकाळ नव्हेच. तो दत्तक आहे.

जुन्या इंग्रजीत जाणे म्हणजे ‘गान’ आणि गेला म्हणजे ‘एओडे’. जोडी तेव्हाही विजोडच होती. ‘वेंडन’ हे क्रियापद वेगळं, त्याचा अर्थ वळणे. वळता वळता ते वाटेला लागणे, जाणे या अर्थानेही चालू लागलं. सेंड-सेन्ट, बेंड-बेन्ट, तसं वेंड-वेन्ट. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेन्ट’ने ‘एओडे’च्या वंशजांना हुसकावून लावलं. बिचाऱ्या ‘वेंड’ला मग ‘वेंडेड’ असा नवा भूतकाळ शोधावा लागला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गो’पासूनच घडवलेला ‘गेड’ राहिला.

एवढा गोंधळ होऊनही कुणाचं अडत नाही. उलट, रोजच्या बोलण्यातलं रूप इतक्यांदा कानावर पडतं की ते नियमाने घडवायची वेळच येत नाही. ते आयतं जिभेवर असतं. आणि ‘गो’चा वापर तर अफाट. इंग्रजीत माणूस बाजारात ‘जातो’, तसं दूध नासतं तेही ‘जातं’, केस पांढरे ‘जातात’, माणूस वेडा ‘जातो’. या बदलांत बिघाडच जास्त, हे गमतीचं आहे. स्वप्न खरं होतं तेव्हा इंग्रज ‘कम’ म्हणतो. आपल्याकडेही पैसे वाया जातात, तोल जातो, दिवे जातात आणि माणूसही जातो. आठवण मात्र येते.

इंग्रजीला हसण्याआधी आपलं ‘जातो-गेला’ पाहावं. जातो मधला ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तसा ‘या’चा ‘जा’. गेला हा ‘गत’वरून, म्हणजे ‘गम्’ धातूचा. दोन मुळांची रूपं आपण एका क्रियापदाची म्हणून खुशाल वापरतो, आणि शाळेत ‘जाला’ का नाही असं कुणी विचारत नाही. हिंदीचं जाता-गया, गुजरातीचं जाय-गयो याच वाटेचं.

जुन्या मराठीत याच अर्थाचं आणखी एक क्रियापद होतं, ‘वचणे’. ज्ञानेश्वरीत ते भेटतं. प्राकृत ‘वच्चइ’शी त्याचं नातं. प्रमाण मराठीने ते टाकलं, कोकणीने जपलं. गोव्यात आजही ‘हांव वतां’ म्हणजे मी जातो. भूतकाळात मात्र तिथेही ‘गेलो’च.