राजाचा गळ आणि रानकोंबड्याचे पीस

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या थंडगार नद्यांमध्ये सॅमन मासा पकडण्यासाठी जे गळ वापरले जात, त्यांतील अनेकांच्या दोन्ही अंगांना एक लहानसे, मेणासारखे चकाकणारे पिवळसर पीस बांधलेले असे. ते पीस स्कॉटलंडचे नव्हते. ते राखी रानकोंबड्याच्या मानेचे होते, आणि हा पक्षी सह्याद्रीच्या जंगलांत राहतो. ज्या प्रदेशातून हे पीस गेले, तिथे त्या पद्धतीने मासे कोणीच धरत नव्हते; मात्र त्याच दख्खनच्या एका राजाने गळाने मासे धरण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहून ठेवले होते. या दोन गोष्टींचा हा धागा.

आधी त्या विलायती गळाविषयी. इंग्रजीत त्याला ‘फ्लाय’ म्हणतात, म्हणजे माशी. मराठीत मासा आणि माशी या शब्दांत थोडेच अंतर आहे. ट्राउट नावाच्या माशाच्या बाबतीत ते त्याहूनही कमी. थंड, वाहत्या, नितळ पाण्यात राहणारा हा मासा पाण्यावर उतरणारे आणि पाण्यातून वर येणारे कीटक टिपून खातो. एवढा नाजूक कीटक गळाला टोचता येत नाही; टोचला तरी तो पाण्यावर तरंगत नाही. म्हणून गळालाच पिसे, लोकर, रेशीम आणि केस बांधून कीटकाचे सोंग द्यायचे, ही ती युक्ती.

या सोंगाला वजन नसते, आणि सगळ्या सामग्रीचे गणित तिथूनच बदलते. साध्या गळाला आमिषाचे किंवा शिशाचे वजन असते. ते भिरकावले की दोरी त्याच्यामागे जाते. फ्लायच्या बाबतीत उलटे आहे. इथे दोरीच जाड व जड असते, लवचीक काठीने ती हवेत मागेपुढे झुलवून पुढे सोडतात आणि तिच्या टोकाचे पीस अलगद पाण्यावर उतरते. पूर्वी ही दोरी तेल पाजलेल्या रेशमाची असे. तिच्या आणि गळाच्या मध्ये माशाला दिसू नये असा बारीक धागा लागे. तो रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढत.

ही कला इंग्रजांनी शोधली, असा समज आहे. तो खरा नाही. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे: गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गलोलीखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधायची. इंग्रजीत या विषयावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ साली आला. त्यात १२ फ्लायची यादी आहे, कोणत्या महिन्यात कोणती वापरावी या हिशेबाने. आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक त्यानंतरचे, १६५३ चे.

आता आपल्याकडे वळू.

बीड जिल्ह्यातील नारायणगड ही ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखली जाणारी जागा. बालाघाटच्या रांगांमधला, सिंदफणेच्या खोऱ्यातला हा मुलूख कोरडा. पावसाळ्यात नदीला पाणी, उन्हाळ्यात डोहांपुरते. गडावर येणाऱ्या माळकऱ्याला मासा वर्ज्य. माशांच्या शिकारीचा इतिहास इथून सुरू करणे कोणाला विचित्र वाटेल. परंतु बाराव्या शतकात हा सारा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, आणि त्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, इथून फार दूर नाही. ते आज कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात आहे, पण तिथल्या बाजारात मराठी अजूनही ऐकू येते.

सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर ११२६ च्या सुमारास गादीवर आला. रणांगणापेक्षा ग्रंथात रमणारा हा राजा. त्याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’, म्हणजेच ‘अभिलषितार्थचिंतामणी’, हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा आहे. पाच ‘विंशती’, प्रत्येकीत २० प्रकरणे, एकूण १००. राज्य कसे मिळवावे इथपासून स्वयंपाक, औषधे, हत्ती, चित्रकला, संगीत इथपर्यंत सारे काही त्यात आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ वेगळ्या कारणाने ठाऊक आहे: महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यातच आहे, आणि मराठीच्या जुन्या नमुन्यांत त्यातील पदांचा उल्लेख होतो.

चौथी विंशती विनोदांची. ‘विनोद’ म्हणजे इथे थट्टा नव्हे, तर मन रमवण्याचे साधन. कुस्ती, कोंबड्यांची झुंज, कबुतरे, ससाण्याकरवी शिकार, आणि त्याच मालिकेत ‘मत्स्यविनोद’. पोट भरण्यासाठी जाळे टाकणे हा त्याचा विषय नाही. काठी, दोरी आणि गळ घेऊन करमणुकीसाठी मासा धरणे, हा त्याचा विषय आहे. १४९६ चा इंग्रजी ग्रंथ येण्यास तेव्हा साडेतीनशेहून अधिक वर्षे अवकाश होता.

या प्रकरणाची मांडणी पाहण्यासारखी आहे. सोमेश्वर गळापासून सुरुवात करत नाही, माशापासून करतो. सुमारे ३५ प्रकारचे मासे तो सांगतो. कोणते समुद्रातले, कोणते नदीतले. कोणाला खवले आहेत, कोणाला नाहीत. कोण आकाराने मोठा, कोण लहान. मग येतो आहार. कोणत्या माशाला काय घालावे: भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, शिजवलेल्या भाताचे गोळे, तीळ, काहींना मांस. एका ठरावीक जागी असा चारा टाकत राहायचे. मासे तिथे येऊ लागतात, सरावतात, पोसले जातात. काठी, दोरी आणि गळ यांची पाळी त्यानंतर. माशाने आमिष धरल्याची खूण कशी ओळखावी आणि त्याला कसे ओढावे, हे सर्वांत शेवटी.

हे सारे ज्ञान राजाला कुठून मिळाले असेल? सिंहासनावर बसून कोणता मासा तिळाला येतो हे कळत नाही. ते नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या गळ टाकणाऱ्यांचे ज्ञान आहे. संस्कृत श्लोकांत येताना त्यांची नावे गळून पडली. दरबारी ग्रंथांची ही जुनी खोड आहे, आणि ती सोमेश्वरापुरती मर्यादित नाही.

कारण सातशे वर्षांनी एका इंग्रजाने जवळजवळ तेच केले, फक्त थोडी अधिक खूण मागे ठेवून. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी दख्खन पायी तुडवत होता. १८३९ च्या सुमारास त्याने दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याने अनेक माशांची स्थानिक नावेच लॅटिनमध्ये बसवली. ‘बोगट’, ‘मुल्या’, ‘खुद्री’, ‘सिंघाला’ हे शब्द त्यामुळे आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात वावरतात. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर ‘खुद्री’ झाला तो असा. नाव सांगणारे कोण होते, हे मात्र त्याच्याही यादीत नाही.

मग मत्स्यविनोदात फ्लाय का नाही? आपले लोक मागे होते म्हणून, असे उत्तर देणारे भेटतात. आपल्याकडे सारे काही आधीच होते, असे म्हणणारेही भेटतात. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. फ्लाय हे एका विशिष्ट माशाला आणि विशिष्ट पाण्याला दिलेले उत्तर आहे. ट्राउटला थंड पाणी लागते. पाण्याचे तापमान २० अंशांच्या वर राहू लागले की तो कासावीस होतो. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात गढूळ वाहतात आणि उन्हाळ्यात तापतात. गढूळ पाण्यात माशी कितीही हुबेहूब बांधली तरी ती दिसणार कोणाला? तिथे वास आणि चव हेच खरे आमिष. शिवाय इथले अनेक मोठे मासे मिश्राहारी आहेत. महसीर शंखशिंपले फोडतो, खेकडे खातो आणि काठावरच्या झाडांची पडलेली फळेही गिळतो. अशा माशासाठी पिठाचा गोळा हीच योग्य सामग्री.

इंग्रजांनाही हे इथे येऊन शिकावे लागले. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली भारतातील गळाच्या शिकारीवर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग महसीर काय खातो याच्या निरीक्षणात खर्च झाला आहे. सोमेश्वराची पोथी त्याने पाहिलेली असणे शक्य नाही. पण वाट तीच. पुढे विसाव्या शतकात कावेरीवर मोठ्या महसीरसाठी प्रसिद्ध झालेले आमिष कोणते, तर नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा.

ज्यांना फ्लायच हवी होती, त्यांनी अखेर मासाच आणवला. काश्मीरसाठी ब्रिटनहून ट्राउटची अंडी मागवली गेली; पहिली खेप वाटेत नासली, दुसरी १९०० मध्ये पोचली. निलगिरीतही बऱ्याच खटपटीनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी हा मासा रुजला. थंड हवा होती तिथे तो टिकला.

आता उलट दिशेचा प्रवास. फ्लाय इथे रुजली नाही, पण तिच्यासाठी लागणारा माल मात्र इथून गेला. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्या एकोणिसाव्या शतकात प्रचलित झाल्या. त्यांचा बांबू बराच काळ भारतातला होता आणि ज्या बंदरातून तो निघे त्यावरून ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जाई. चिनी बांबूने त्याला नंतर मागे टाकले. मोरपिसाचे तंतू गळावर गुंडाळून कीटकाचे अंग बनवत, आजही बनवतात. आणि सर्वांत मोलाचे ते रानकोंबड्याचे पीस.

राखी रानकोंबडा हा भारताखेरीज कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. नराच्या मानेवरच्या काळसर पिसांच्या टोकाशी एक लहान, कडक, चकाकती टिकली असते. निसर्गात असे पीस क्वचितच. गळाच्या बाजूला ते बांधले की माशाच्या डोळ्यासारखे दिसते, आणि पाण्यात भिजले तरी त्याची चमक जात नाही. ‘जॉक स्कॉट’ या प्रसिद्ध सॅमन-फ्लायमध्ये ते आहे, आणि जॉर्ज केल्सन याने १८९५ मध्ये सॅमन-फ्लायचा जो जाडजूड ग्रंथ काढला त्यात ते पानोपानी भेटते. एका फ्लायला पिसे दोनच लागत. पण विकली जाई ती मानेची अख्खी कातडी, आणि ती जिवंत पक्ष्याची नसते.

टोप्यांवर पिसे खोवण्याच्या युरोपीय फॅशनने तेव्हा जगभरच्या पक्ष्यांचा फडशा चालवला होता. गळ बांधणारे त्या बाजारातले छोटे गिऱ्हाईक. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने जंगली पक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यावर बंदी घातली. ब्रिटनने आपल्या बाजूने पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला तो १९२१ मध्ये. चोरटा व्यापार त्यानंतरही चालला. स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण मिळाले. विलायतेतल्या कारागिरांनी मग पाळलेल्या रानकोंबड्यांची पैदास सुरू केली. आज तिकडे मिळणारी पिसे मुख्यतः त्या पक्ष्यांची असतात.

हव्यास मात्र कायद्याने संपत नाही. २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली. चोर एक तरुण संगीत-विद्यार्थी होता. जुन्या ग्रंथांतल्या सॅमन-फ्लाय जशाच्या तशा बांधण्याचे वेड त्याला होते, आणि त्या वेडाची बाजारपेठही होती. त्या फ्लाय पाण्यात टाकण्यासाठी नव्हत्याच. चौकटीत लावण्यासाठी होत्या.

सोमेश्वराच्या प्रकरणाला वाचक मिळायला याहून अधिक काळ लागला. बडोद्याच्या गायकवाड संस्थानाने चालवलेल्या प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी मानसोल्लासाचे संपादन केले; पहिला खंड १९२५ मध्ये निघाला, मत्स्यविनोद असलेला दुसरा १९३९ मध्ये. १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर निबंध लिहून त्यातील माशांची ओळख पटवण्याचा प्रयत्न केला. बाराव्या शतकातील संस्कृत नावे आणि आजच्या जाती यांचा मेळ घालणे हे किचकट काम आहे, आणि पुढील अभ्यासकांनी ते चालू ठेवले.

सिंदफणेवर आता माजलगावचे धरण आहे, गोदावरीवर पैठणला नाथसागर. उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी तिथे बारमाही जलाशय झाली. तिथे गळ घेऊन बसणाऱ्या पोरांच्या डब्यात गांडुळे असतात, नाहीतर मळलेल्या कणकेचा गोळा.